गाण्यांच्या हक्कांची कंपनी काढायची तर

‘म्युझिक कंपनी काढायचा विचार आहे’ असं कोणी म्हणालं की पुढचं वाक्य बहुधा स्टुडिओच्या भाड्याचं असतं, नाहीतर यूट्यूब चॅनलच्या नावाचं. माइक कुठला घ्यायचा, व्हिडिओ कोकणात शूट करायचा की साताऱ्यात, याची चर्चा तासभर रंगते. हा लेख त्या कंपनीबद्दल नाही. स्टुडिओ नसलेल्या, गायक नसलेल्या, एक कपाट, एक संगणक आणि बरेचसे करारनामे एवढ्यावर चालणाऱ्या कंपनीबद्दल आहे. तिला म्युझिक पब्लिशिंग कंपनी म्हणतात. मराठीत असा व्यवसाय स्वतंत्रपणे करणारे अजून फार थोडे आहेत, म्हणूनच त्यात नव्या माणसाला जागा आहे.

आधी मुळाशी जाऊ. आपण ज्याला एक गाणं म्हणतो, त्यात १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या मालमत्ता आहेत. शब्द ही साहित्यकृती, तिचा कर्ता गीतकार. चाल ही संगीतकृती, तिचा कर्ता संगीतकार. आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी, तिचा मालक निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन ते करवून घेतलं तो. लेबलचा धंदा तिसऱ्या मालमत्तेचा. पब्लिशरचा धंदा पहिल्या दोन मालमत्तांचा. तेच गाणं उद्या दुसऱ्या गायिकेने दुसऱ्या वाद्यमेळात गायलं तर ध्वनिमुद्रण नवं झालं, पण शब्द आणि चाल तीच राहिली. पब्लिशरला दोन्ही वेळा पैसे मिळतात.

आपल्याकडे हा फरक ठळक झाला नाही, कारण दोन्ही कामं एकच कंपनी करत आली. ग्रामोफोन कंपनी, म्हणजे आजची सारेगामा, हे त्याचं जुनं उदाहरण. मराठीतल्या फाउंटन, सागरिका, सुमीत यांची ओळखही लेबल म्हणूनच आहे. पाश्चात्त्य देशांत पब्लिशर हा छापील स्वरलिपी विकणारा व्यापारी म्हणून जन्मला आणि रेकॉर्डिंग नंतर आलं. आपल्याकडे संगीत नाटकांच्या पदांची पुस्तकं थिएटरच्या दारात विकली जात, पण त्यातून धंद्याची वेगळी शाखा काही उभी राहिली नाही.

चित्र बदललं ते २०१२ साली. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (आयपीआरएस) विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्यात निर्मात्याच्या बाजूने निकाल दिल्यावर चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार एकरकमी मानधन घेऊन घरी जात. जावेद अख्तर राज्यसभेत असताना त्यांनी आणि इतरांनी लावून धरलेली दुरुस्ती २१ जून २०१२ला अमलात आली. तिच्यानुसार गीतकार आणि संगीतकार आपला कॉपीराइट कंपनीला देऊ शकतात, पण रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क सोडू शकत नाहीत. तो द्यायचाच तर फक्त वारसांना किंवा नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीला. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं वाजतं तेवढा एक अपवाद. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांना तोही नाही.

म्हणजे नव्या पब्लिशरने पहिल्याच दिवशी मान्य करायची गोष्ट ही, की निम्मे पैसे तुमचे नाहीत. कोणाच्या तरी जुन्या करारावरून उतरवून घेतलेलं ‘सर्व हक्क कायमचे, जगभरासाठी, कोणत्याही मोबदल्याच्या दाव्याविना’ हे वाक्य या निम्म्या वाट्यापुरतं कुचकामी आहे. तरी लोक ते घालतात. तुम्ही घालू नका. पुढे कोर्टात ते टिकत नाही, आणि गीतकाराने एकदा जाणकाराला विचारलं की तुमची पत जाते ती वेगळीच.

पैसे कुठून येतात? मोठा ओघ येतो तो याच आयपीआरएसमधून. ही संस्था १९६९ची, मुंबईतली. मध्ये बऱ्याच वादांतून गेली आणि नोव्हेंबर २०१७मध्ये तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली. हॉटेल, मॉल, टीव्ही, रेडिओ, जाहीर कार्यक्रम, स्ट्रीमिंग यांच्याकडून शब्द आणि चाल यांच्या वापराचे पैसे ती गोळा करते आणि सदस्यांना वाटते. रेडिओवाल्यांची बरीच वर्षं अशी भूमिका होती की ध्वनिमुद्रणाचे पैसे दिले म्हणजे संपलं. एप्रिल २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयपीआरएसच्या बाजूने आदेश देऊन शब्द आणि चालीचेही वेगळे पैसे द्यावे लागतील असं सांगितलं.

समजा एखाद्या गाण्याचे हजार रुपये जमा झाले. प्रचलित वाटणी अशी: पाचशे पब्लिशरचे, अडीचशे गीतकाराचे, अडीचशे संगीतकाराचे. दोघांनी मिळून शब्द लिहिले असतील तर त्या अडीचशेचे दोन भाग. इथे एक गोष्ट नवखे लोक विसरतात. गीतकार-संगीतकारांचा वाटा आयपीआरएस थेट त्यांच्या खात्यात टाकते, तो तुमच्या हातातून जात नाही. त्यामुळे तुम्ही एखाद्या संगीतकाराला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती या पैशांतून कापून घेता येत नाही. ती वसूल होणार तुमच्या निम्म्यातून, किंवा जाहिरात-मालिकांच्या परवान्यातून तुमच्याकडे थेट येणाऱ्या रकमेतून. हा हिशेब न करता आगाऊ रकमा वाटत सुटलेल्या कंपनीची तिजोरी वर्षभरात रिकामी होते.

दुसरा ओघ थेट परवान्यांचा. मालिका, चित्रपट, वेबसीरिज, जाहिरात यांना एखादं गाणं किंवा त्याचा मुखडा हवा असतो. त्यांना दोन परवानग्या लागतात, ध्वनिमुद्रणाची लेबलकडून आणि शब्द-चालीची पब्लिशरकडून. जाहिरात एजन्सीतला माणूस दुपारी तीनला फोन करतो आणि त्याला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं असतं. ‘हक्क आमच्याकडे आहेत, हे कागद, हा दर’ एवढं त्याच संध्याकाळी सांगू शकणारा पब्लिशर मोठ्या कंपनीच्याही पुढे जातो. कायद्याच्या ३३व्या कलमाकडे मात्र लक्ष ठेवा. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या शब्द-चालींचे परवाने देण्याचा धंदा नोंदणीकृत सोसायटीमार्फतच करायचा, असं ते सांगतं. मालक म्हणून स्वतःच्या कृतींचा परवाना तुम्ही देऊ शकता, पण सोसायटीचे सदस्य म्हणून स्वीकारलेल्या बंधनांशी तो सुसंगत हवा. म्हणून मालकी लेखी हस्तांतराने घ्या. नुसते दलाल म्हणून दहा लोकांच्या गाण्यांच्या पावत्या फाडत बसू नका.

आता खरा प्रश्न, गाणी आणायची कुठून? नव्या गीतकार-संगीतकारांशी करार करणं हा सरळ मार्ग आहे आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चांगलं ओळखा, लवकर गाठा, वाजवी वागा. मला जास्त मोल वाटतं ते मराठीच्या कॅसेटच्या जमान्याचं. कोळीगीतं, भीमगीतं, गोंधळ, तमाशातल्या लावण्या, खानदेशातली अहिराणी गाणी. गल्लोगल्लीच्या छोट्या कंपन्यांनी ही गाणी ध्वनिमुद्रित केली. शाहिराला बिदागी मिळाली, व्हाउचरवर सही झाली, कॅसेट बाजारात गेली. तीच गाणी आज यूट्यूबवर वाजतात. व्हिडिओखालची माहिती वाचा. गायक, कॅमेरा, ड्रोन, संकलन, चहापाण्याची व्यवस्था, सगळ्यांची नावं सापडतील आणि गीतापुढे लिहिलेलं असेल ‘पारंपरिक’. यातली बरीच गाणी पारंपरिक नाहीत. कोणीतरी लिहिलेली आहेत आणि त्या कोणाचे तरी वारस याच राज्यात राहतात.

कायदा इथे गीतकाराच्या बाजूने किती उभा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. हस्तांतर लेखी आणि सहीचं नसेल तर ते हस्तांतरच नव्हे. ध्वनिमुद्रण कॅसेट कंपनीचं, हे खरं. पण शब्द आणि चाल लेखी दिलेलीच नसतील तर ती अजून कर्त्याची किंवा त्याच्या वारसांची. लेखी आहे पण मुदत लिहिलेली नाही, तर ती पाच वर्षं मानली जाते. प्रदेश लिहिलेला नाही, तर फक्त भारत. ही पाच वर्षांची तरतूद १० मे १९९५पासून अमलात आलेल्या दुरुस्तीतली आहे आणि त्याआधीच्या करारांना लागू नाही. म्हणून जुन्या व्हाउचरवरची तारीख पाहा, आणि व्हाउचर उलटून मागची बाजूही वाचा. ‘सर्व हक्कांसह’ असा रबरी शिक्का तिथे असू शकतो.

जमीन घेताना सातबारा आणि फेरफार पाहतो तशी गाण्याची मालकी पायरीपायरीने मागे तपासत जायची. कर्ता हयात नसेल तर सगळे वारस हवेत. सगळे म्हणजे बहिणीसुद्धा. ‘तिचं लग्न झालंय, तिची सही कशाला’ हे वाक्य कानावर येणार हे धरून चाला आणि नम्रपणे, पण ठामपणे सही घ्या. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांचा हिस्सा सारखा आहे. हा कायदा बौद्ध कुटुंबांनाही लागू होतो. एका मुलाची सही घेऊन घेतलेला संग्रह म्हणजे विकत घेतलेला खटला.

मुदतीचं गणितही स्वतः करता आलं पाहिजे. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. ‘गीतरामायण’ घ्या. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६मध्ये ते प्रसारित झालं. त्याचे गीतकार गदिमा १९७७ साली गेले, संगीतकार सुधीर फडके २००२ साली. म्हणजे शब्द २०३८च्या सुरुवातीला मुक्त होणार आणि चाली २०६३च्या. मधल्या पंचवीस वर्षांत ते शब्द कोणीही नव्या चालीत बांधू शकेल, फडक्यांच्या चालीत गायला मात्र परवानगी लागेल. भा. रा. तांबे १९४१ साली गेले, त्यांच्या कविता केव्हाच मुक्त झाल्या. पण तांब्यांच्या कवितेला नंतरच्या संगीतकाराने दिलेली चाल मुक्त झाली असं नाही. संतांच्या अभंगांचंही तेच. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, गेल्या शतकातल्या संगीतकाराची चाल त्याची. बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपात आल्या. मरणोत्तर प्रकाशनाला मोजणी प्रकाशनापासून होते, म्हणून त्या २०१३पासून मुक्त. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२९च्या अखेरीपर्यंत आहे. शाहिरी परंपरेतलं म्हणून सगळं फुकट, हा समज यामुळेच महागात पडतो.

करारात काय असावं? कृतीचं नाव आणि पहिली ओळ, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती आणि कधी. वापराची माध्यमं नावं घेऊन लिहा. करार झाला तेव्हा अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेलं माध्यम करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर त्याला हस्तांतर लागू होत नाही. मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत जातो, करारात वेगळं म्हटलेलं नसेल तर. संगीतकार आधीच आयपीआरएसचा सदस्य असेल तर त्याने जाहीर वादनाचा हक्क तिथे दिलेला असतो. तोच हक्क तुम्हाला पुन्हा देता येणार नाही, तेव्हा सदस्यत्वाची विचारणा आधी करा. वाद्यसंयोजकाला हिस्सा द्यायचा की मानधन, हेही रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर येऊ द्या. गायकाचा हक्क वेगळ्या कलमांखाली येतो. तो चालीचा कर्ता नाही, हे गायकालाही समजावून सांगावं लागतं, आणि गायक नावाजलेला असेल तर जरा हळुवारपणे.

सगळी मालकी विकत घ्यायलाच हवी असं नाही. नव्या कंपनीला मी तर उलट सांगेन, की आधी व्यवस्थापनाचा करार करा. मालकी कर्त्याकडेच राहते, नोंदणी, वसुली आणि परवान्यांची कामं तुम्ही करता आणि त्याबदल्यात ठरावीक टक्केवारी घेता. जगभर ती साधारण १० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असते. यात भांडवल कमी लागतं आणि तीन वर्षांत तुमचं काम लोकांना दिसतं.

काम म्हणजे बरंचसं नोंदींचं काम. एका गाण्याची ओळ संगणकाच्या तक्त्यात भरून बघा. गाण्याचं नाव, पर्यायी नाव, पहिली ओळ, गीतकार, संगीतकार, प्रत्येकाचा हिस्सा, प्रत्येकाचा आयपीआय हा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, कृतीचा तसाच आयएसडब्ल्यूसी, त्यावरच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, लेबल, करार कोणत्या फायलीत. लोक मुखड्यावरून गाणं ओळखतात आणि कॅसेटवर छापलेलं नाव दुसरंच असतं, म्हणून पर्यायी नावाचा रकाना रिकामा ठेवू नका. मग नावांचं स्पेलिंग. वामनदादा कर्डक यांचं उदाहरण घ्या. वामन रोमन लिपीत व्हीने लिहायचं की डब्ल्यूने? कर्डकमधला ड एका डीने की मध्ये एच घालून? ‘दादा’ नावात धरायचं की नाही? तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलं की यंत्राला ही तीन माणसं वाटतात आणि पैसे कोणालाच न जाता पडून राहतात. एक स्पेलिंग ठरवा आणि आयपीआय क्रमांकाशिवाय कुठलीही नोंद पाठवू नका. पब्लिशर कमाई करतो किंवा घालवतो ती या तक्त्यात.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. हक्क कृती निर्माण होताच जन्मतो. पण नोंदवहीतला उतारा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो, म्हणून ज्या गाण्यांवर वाद संभवतो ती नोंदवावीत. शब्द किंवा चालीला प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे. सगळा संग्रह नोंदवायच्या मागे लागू नका.

कंपनीचा प्रकार निवडताना एवढं बघा, की हक्क माणसापेक्षा जास्त जगतात. एकट्याच्या नावावरचा व्यवसाय सुरू करायला सोपा, पण मालकाबरोबर अडकतो. एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड बरी. नावाचा ट्रेडमार्क वर्ग ४१मध्ये तपासून घ्या. जीएसटीचा एक बारकावा चार्टर्ड अकाउंटंटला मुद्दाम विचारा. संगीतकाराकडून म्युझिक कंपनीने कॉपीराइट घेतला तर त्यावरचा कर उलट पद्धतीने, म्हणजे घेणाऱ्याने भरायचा असतो आणि अशा वेळी वीस लाखांच्या उलाढालीची मर्यादा तुम्हाला वाचवत नाही. रॉयल्टी देताना टीडीएस कापायचा असतो, हेही पहिल्या वर्षी विसरलं जातं.

लग्नाच्या वरातीतल्या डीजेमागे धावू नका. विवाहासह धार्मिक समारंभातल्या वादनाला कायद्यात सूट आहे. ती सूट नेमकी कुठे संपते यावर भांडणं चालूच आहेत. गोवा सरकारने जानेवारी २०२४मध्ये याबाबत काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. ही लढाई मोठ्या संस्थांना लढू द्या. त्यापेक्षा परदेशी कार्यक्रमांकडे बघा. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात किंवा अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात तुमच्या संग्रहातलं गाणं झालं, तर तिथल्या सोसायटीकडून परस्पर कराराने आयपीआरएसमार्फत पैसे येऊ शकतात. अट एवढीच, की गाणं नोंदलेलं हवं आणि आयोजकांनी गायलेल्या गाण्यांची यादी दिलेली हवी. गायकाला निघण्याआधी ही यादी टाईप करून हातात देणं हे पब्लिशरचंच काम.

सुरुवातीला पन्नास-साठ गाणी पुरेत, पण प्रत्येकाची फाइल पूर्ण हवी. पहिली दीड-दोन वर्षं खर्च स्वतःच्या खिशातून होईल. दुसरं काहीतरी उत्पन्न असल्याशिवाय यात पडू नका. करार वकिलाकडून तपासून घ्या, आणि असा वकील शोधा ज्याने कॉपीराइटची प्रकरणं खरोखर हाताळली आहेत. जागेचं खरेदीखत करणारा चालणार नाही. आणि ३१ मार्च व ३० सप्टेंबर या दोन तारखा प्रत्येक करारात घाला. त्यानंतर पंचेचाळीस दिवसांच्या आत प्रत्येक गीतकार-संगीतकाराला, नसेल तर त्याच्या वारसाला, लेखी हिशेब पाठवा. रक्कम शून्य असली तरी पाठवा.